द्राक्षवेलीची ओळख कशी पटवावी?

नाशिकच्या द्राक्षबागेत बी पेरून वेल लावत नाहीत. बीमध्ये दोन पालकांचे गुण एकत्र येतात. त्यामुळे बियांपासून वाढलेली वेल मूळ वेलीसारखी निघेलच, याची खात्री नसते. ‘पांढरी साहेबी’च्या बियांपासून निवडलेली ‘चिमा साहेबी’ ही वेगळी जात ठरली, ती यामुळेच. हवी ती जात तशीच टिकवायची असेल, तर तिची काडी घेऊन खुंटावर कलम करावे लागते. म्हणजे ‘थॉमसन सीडलेस’च्या साऱ्या बागा एका अर्थी एकाच जुन्या वेलीचा विस्तार होत.

परंतु काडीवर नाव लिहिलेले नसते. हातोहात फिरताना नाव बदलले, तर चूक बहुधा फळ धरल्यावरच उमगते. तोपर्यंत दोनेक वर्षांची मेहनत आणि पैसा खर्च झालेला असतो. वाइनच्या द्राक्षांत ही चूक आणखी महागात पडते. चिलीमध्ये ‘मर्लो’ समजून जपलेल्या अनेक वेली प्रत्यक्षात ‘कार्मेनेर’ या जुन्या फ्रेंच जातीच्या आहेत, हे 1994 साली वनस्पतितज्ज्ञ बुर्सिको यांनी ओळखले. कार्मेनेर कित्येक आठवडे उशिरा पिकते. दोन्ही एकाच वेळी तोडल्यामुळे तिची कच्ची, हिरवट चव वाइनमध्ये उतरत असे.

बुर्सिको यांचे मुख्य साधन होते डोळा. पानाला खंड किती, देठाजवळची खाच उघडी की मिटलेली, दाते कसे, खालच्या बाजूला लव आहे का, कोवळ्या शेंड्याचा रंग कोणता, अशा लक्षणांची नोंद करून जात ओळखता येते. उदाहरणार्थ, ‘कॅबर्ने सॉव्हिन्यों’च्या पानाचे खंड एकमेकांवर येतात, त्यामुळे पानाला भोके पाडल्यासारखे दिसते.

पुढे डीएनए तपासणी आली. डीएनएमध्ये काही ठिकाणी छोटे तुकडे पुन्हा पुन्हा आलेले असतात. किती वेळा, हे जातीनुसार बदलते. अशा मोजक्या ठिकाणांची तुलना केली की जातीचा जणू अंगठ्याचा ठसाच मिळतो. याच पद्धतीने 1997 साली सिद्ध झाले, की काळी कॅबर्ने सॉव्हिन्यों ही ‘कॅबर्ने फ्रांक’ आणि पांढरी ‘सॉव्हिन्यों ब्लां’ यांची संतती आहे.

मग पानाकडे पाहण्याची गरज संपली का? नाही. आपल्या राज्यातच याचे उत्तर आहे. तासगाव भागातील ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळच्या नान्नजची लांबट मण्यांची ‘सोनाका’ या जाती थॉमसन सीडलेसमधूनच निवडल्या गेल्या. वेलीच्या एखाद्या फांदीत अचानक बदल होतो, शेतकऱ्याच्या नजरेला तो पडतो आणि काडीने तो पुढे टिकतो. वर सांगितलेल्या डीएनए ठशात मात्र असा बारीक बदल सहसा दिसत नाही. मायलेकींचा ठसा सारखाच येतो. संतती कोणाची, हे प्रयोगशाळा सांगते. पण मणी लांबट की गोल, हे बागेतच पाहावे लागते. दोन्ही पुरावे जुळले, तरच नाव पक्के.

शाळेतही हा अभ्यास करता येईल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आलेल्या काड्यांच्या मध्यावरची पूर्ण वाढलेली पाने जूनअखेर घ्यावीत. शेतकऱ्याची परवानगी घ्यावी, औषधफवारणी कधी झाली ते विचारावे आणि पाने हाताळल्यावर हात धुवावेत. प्रत्येक जातीची किमान दहा पाने कागदावर ठेवून कडेने रेखाटावीत. एका पानावरून निष्कर्ष काढू नये. कलमाच्या सांध्याखालून फुटलेले खुंटाचे पानही शेजारी ठेवावे. एकाच मुळावर दोन वेगळ्या वनस्पती वाढत आहेत, हे विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात येते.

भोकरी, फकडी, काळी साहेबी या एके काळी आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या जाती. एखाद्या जुन्या वाड्याच्या परसात अनोळखी वेल दिसली, तर तोडण्याआधी तिची पाने, घड आणि मालकाला ठाऊक असलेले नाव नोंदवून ठेवावे. शेवटची वेल तोडली गेली, तर त्या जातीचे बी पेरून ती परत मिळवता येत नाही.