मोहाखालचं काळं रिंगण

मार्चअखेरीस गोंदियातल्या देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडच्या जंगलात पहाटे गेलात, तर एखाद्या मोहाखाली काळं रिंगण दिसेल. राखेवर टपोरी, पिवळट फुलं पडलेली. पाचोळ्यात फुलं वेचायला वेळ मोडतो, म्हणून पाला आधीच पेटवून दिलेला. बहुतेकदा आग तिथंच विझते. कधी वारा फिरतो आणि ती रिंगणाबाहेर पडते.

वणव्यावर पीएच.डी. करू पाहणाऱ्यानं सुरुवात या रिंगणापासून करावी. २०१३ साली घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात गोंदिया-भंडाऱ्यातली पाच संरक्षित क्षेत्रं आहेत. अधेमधे गावं, धानाची बांधी, तलाव आणि महामार्ग. जंगलाचे असे तुकडे कसे जोडलेले आहेत, आग कुठून कुठं सरकते, जळल्या पट्ट्यात रोपं किती उगवतात, रानटी तुळस नि घाणेरी किती माजते, हे तपासणं म्हणजेच भूदृश्य परिस्थितिकी. नाव जड आहे, काम पायी फिरण्याचं.

उपग्रह आहेतच. भारतीय वन सर्वेक्षण संस्था आगीच्या सूचना पाठवते, त्यातल्या व्हीआयआयआरएस संवेदकाचा एक चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरचा. हा संवेदक वाहणारे उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातात. मोहाखालची आग त्यांच्या फेरीआधीच विझलेली असली, तर ती नकाशावर उमटतेच असं नाही. मग नोंद कोण ठेवणार? मोह वेचणाऱ्या बायांना विचारावं लागतं. आणि आग कुणी लावली, हा प्रश्न सोडून बाकी सगळं त्या मोकळेपणानं सांगतील.

विषय पुस्तकी नाही. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यातला वणवा विझवताना तीन हंगामी मजुरांचा जीव गेला. आग अडवणारी जाळरेषा किती रुंद हवी, उतारावर कुठं काढावी, याचं मोजमाप अशा मजुरांच्या कामाचं आहे.

संशोधनासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि वन संशोधन संस्था आहेत. गोंदियाची महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाला जोडलेली. अभयारण्यात काम करायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, त्यांचं कार्यालय नागपुरात. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि आगीआधीची मोजणी हाताशी नसेल, तर नंतरच्या राखेला तुलनाच उरत नाही. अर्ज पावसाळ्यातच टाकलेला बरा.