करमाळा नगर व जेऊर स्थानक : नियोजनाच्या हद्दीचा प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा हे रावरंभा निंबाळकरांनी आरंभिलेल्या व त्यांचे पुत्र जानोजी यांनी पुरा केलेल्या किल्ल्याच्या आश्रयाने वाढलेले नगर होय. बालाघाटातून पुण्याकडे जाणारा माल पूर्वी येथून जात असे. गावाच्या दक्षिणेकडील झऱ्यांचे पाणी भूमिगत मार्गाने आणून वस्तीत ठिकठिकाणी खेळविलेले होते. अर्थात पेठेबरोबर पाण्याचाही विचार झालेला होता. १८६० च्या सुमारास पुणे-सोलापूर लोहमार्ग दक्षिणेकडून गेला. करमाळ्याला स्थानक मिळाले ते सुमारे १८ किलोमीटरवरील जेऊरचे. बाजार मोडला नाही, परंतु पुष्कळशी वाहतूक रेल्वेकडे वळली आणि नगराचे प्रवेशद्वार नगराबाहेर गेले.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये नगराची ‘विकास योजना’ तयार होते व वीस वर्षांतून एकदा तरी ती सुधारावी लागते. व्यवहारात तिला ‘आराखडा’ म्हणतात, आणि हा शब्द दुर्दैवाने अन्वर्थक ठरतो : रस्ते व आरक्षणे यांच्या रेषा तेवढ्या उमटतात. जेऊर पडते ग्रामपंचायतीकडे. त्याच्या दक्षिणेस, १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयाकाठी, उसाची शेती पसरली आहे. ज्यावर करमाळ्याची पेठ चालावयाची ते स्थानक व तो ऊस, दोन्ही तिच्या नकाशाबाहेर राहतात. याच अधिनियमातील प्रादेशिक योजनेचा उपयोग येथे अधिक आहे. तिच्यात जेऊरचा रस्ता, स्थानकाजवळची गुदामे व करमाळ्याचा बाजार यांची मांडणी एकत्र करता येते.