लॅपटॉप गुणगुणू लागतो तेव्हा

माझा पुतण्या बेळगावास अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. खेळांसाठी म्हणून जे भारी लॅपटॉप मिळतात, त्यांपैकी एक त्याने गतवर्षी घेतला. त्या खरेदीत अभ्यासाचा वाटा किती व खेळाचा किती, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. ती येथे नको. उन्हाळ्याच्या सुटीत तो ते यंत्र घेऊन खानापूर तालुक्यातील आमच्या खेड्यात आला आणि दुसऱ्याच दिवशी मजपुढे येऊन म्हणाला, "काका, ह्यातून आवाज येतो. बिघडला वाटतं."

कान देऊन ऐकले तेव्हा ध्यानात आले की, आवाज एक नसून तीन आहेत. माजघरातील जुन्या अँप्लिफायरला लॅपटॉप जोडला की स्पीकरमधून भुंग्यासारखा जाड, सलग घुमारा निघे. त्या घुमाऱ्याच्या आडून, माउस हलविला की बारीक चरचर उमटे. तिसरा आवाज मात्र स्पीकरमधला नव्हे. तो लॅपटॉपच्या अंगातूनच येई. खेळ सुरू होताच रातकिड्यासारखी किरकिर! हा तिसरा आवाज वसतिगृहातही असलाच पाहिजे. तेथील गलबल्यात तो कोणास ऐकू गेला नसेल, इतकेच.

बाजारातील एका दुकानदारास मुलाने विचारले. त्याने तात्काळ औषध सांगितले: "चार्जरच्या तीन पिनांपैकी जाड पिन बोर्डात जाऊ देऊ नकोस. दोन पिनांचा जोड लाव." मुलाने तसे केले आणि घुमारा खरोखरच थांबला. त्या आनंदात दिवस गेला. संध्याकाळी अँप्लिफायरची वायर काढून ठेवलेली होती, चार्जर मात्र चालूच होता. माझी आई न्हाणीघरातून ओल्या पायांनी आली आणि वाटेतला लॅपटॉप बाजूस सारावयास तिने हात लावला. हात चटकन मागे घेऊन ती म्हणाली, "अरे बाबा, ह्याच्यात मुंग्या शिरल्यात की काय?"

वाचकहो, हा लेख त्या मुंग्यांमुळे लिहीत आहे.

ही जाड पिन म्हणजे अर्थिंगची पिन. साध्या लॅपटॉपचा चार्जर पंचेचाळीस ते पासष्ट वॅटचा असतो. खेळाच्या लॅपटॉपचा एकशेऐंशीपासून तीनशे तीस वॅटपर्यंत जातो. असा चार्जर 230 व्होल्टच्या प्रवाहाचे सेकंदाला हजारो, कधी लाखभर तुकडे करून वीस व्होल्टच्या आसपासचा सरळ प्रवाह तयार करतो. या तोडफोडीतून उठणारा गोंगाट घरभर पसरू नये, म्हणून आत लहानसे कपॅसिटर बसवून तो गोंगाट अर्थिंगकडे वळविलेला असतो. अर्थिंगची वाटच बुजविली, तर तेवढा किंचित प्रवाह लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येऊन थांबतो. मीटर लावल्यास तेथे शंभर व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो आणि टेस्टरचा दिवा मंद पेटतो. चार्जर चांगला असेल तर हा प्रवाह एका अँपिअरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. त्याने मुंग्या येतात, जीव जात नाही. परंतु हलक्या, बनावट चार्जरमध्ये आतले आवरण फाटले आणि पूर्ण 230 व्होल्ट अंगावर आले, तर त्यास जमिनीत जाण्यास माणसाखेरीज दुसरी वाट उरत नाही. दुकानदाराच्या औषधाने आवाज गेला तो अशा रीतीने. कुत्रा भुंकतो म्हणून त्यासच दारातून हाकलावे, तशातला हा प्रकार.

जोड काढून पिन पुन्हा बोर्डात घातली, घुमारा परत आला, आणि मग खरा शोध सुरू झाला.

अशा शोधाची रीत साधी आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी व ऐकावे. प्रथम चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालविला. घुमारा नाहीसा झाला, चरचरही गेली. किरकिर मात्र राहिली. म्हणजे पहिले दोन आवाज विजेच्या वाटेने येतात आणि तिसरा यंत्राच्या पोटातला, हे एका मिनिटात सिद्ध झाले. मग चार्जर लावून अँप्लिफायरची वायर काढली व कानात साधे वायरचे इअरफोन घातले. आवाज स्वच्छ! तेव्हा दोष लॅपटॉपमध्ये नाही, अँप्लिफायरमध्येही नाही. दोन्ही एकत्र जोडले की तो जन्मतो. (इअरफोनमध्येही गुणगुण असती आणि धातूस हात लावताच ती कमी झाली असती, तर त्या बोर्डास अर्थिंगच नाही असे समजावयाचे.)

याचे कारण आमच्या घराच्या बांधणीत सापडले. अँप्लिफायर माजघरातल्या जुन्या बोर्डावर, लॅपटॉप पडवीतल्या नव्या बोर्डावर. दोन्ही बोर्डांचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीत गेलेले. समजा, दोन विहिरी आहेत आणि त्यांतील पाण्याची पातळी वितभर कमीजास्त आहे. त्या एका नळीने जोडा. नळीतून पाणी वाहू लागेल. येथे नळी म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या वायरीचे बाहेरचे जाळे. दोन अर्थिंगांतील थोड्याशा फरकाने त्या जाळ्यातून प्रवाह वाहतो, तो गाण्यात मिसळतो आणि स्पीकर तो इमानेइतबारे ऐकवितो. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून घुमारा जाड. त्याच वाटेने यंत्रातल्या चिपांची धावपळ येते, म्हणून माउस हलताच चरचर.

गावचे वायरमन आले. त्यांनी पडवीत मीटर लावला तेव्हा फेज आणि न्यूट्रल यांत जितके व्होल्ट, जवळजवळ तितकेच फेज आणि अर्थिंग यांत दिसले. माजघरातही मीटरने जवळपास तेच सांगितले, आणि मी समाधान मानणार होतो. वायरमन हसून म्हणाले, "मीटरला खायला काही लागत नाही, साहेब. दिवा लावून बघू." त्यांनी शंभर वॅटचा जुना दिवा फेज आणि अर्थिंग यांत लावला. पडवीत तो लख्ख पेटला. माजघरात नुसती तार लालसर झाली. जमिनीकडे जाणारी वाट होती, पण पायवाट होती. ही परीक्षा जाणत्या वायरमननेच करावी, घरातल्या मुलांनी करू नये. आणि ज्या घरी ई.एल.सी.बी. बसविलेली आहे, तेथे असा दिवा लावताच ती पडेल, ते योग्यच आहे.

परसात अर्थिंगचा खड्डा उकरला. वडिलांच्या हयातीत पुरलेला लोखंडी पाइप, भोवती मीठ व कोळसा. पण आमची जमीन मुरमाड, एप्रिल-मेमध्ये ती विटेसारखी कोरडी होते, आणि त्या खड्ड्यात पाणी घातल्याचे घरात कोणास आठवेना. तारेचा जोडही गंजून पिठासारखा झाला होता. वायरमननी अडीच मीटरचा नवा जस्त चढविलेला पाइप उभा पुरला, कोळसा-मीठ भरले, वर पाणी ओतण्यास नरसाळे ठेवले आणि दोन्ही बोर्डांच्या अर्थिंगच्या तारा एकत्र करून तेथे आणल्या. उन्हाळ्यात त्यात नियमाने पाणी घालण्याचे काम पुतण्याच्या धाकट्या बहिणीने मागून घेतले आहे.

याच ओघात एक गोष्ट सांगितली पाहिजे. अर्थिंग नसले की कित्येक जण बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थिंग यांना तारेने जोडून मोकळे होतात. दिवा पेटतो, मीटर खूश होतो. पण पुढे कोठे न्यूट्रल तुटली, की त्या बोर्डावरील मिक्सर, इस्त्री, फ्रिज, लॅपटॉप या सर्वांच्या अंगावर पूर्ण वीज चढते. आमच्या शेजारच्या घरी असा जोड निघाला. तो त्याच दिवशी काढविला.

नव्या अर्थिंगाने घुमारा बराच उतरला. मग अँप्लिफायर व लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले, तेव्हा तो जवळजवळ संपला. चरचर किंचित उरली होती. ती ऑडिओ आयसोलेटर नावाच्या छोट्या डबीने गेली. या डबीत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकाच्या द्वारे पलीकडे जातो, पण तारेस तार लागत नाही, म्हणून प्रवाहाची वाट तुटते. अर्थिंग न तोडता घुमारा तोडण्याची रीत ही अशी. ब्लूटूथवर चालणारा स्पीकर असेल, तर मुळात वायरच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

उरली ती किरकिर. लॅपटॉपमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून प्रवाह झपाट्याने कमीजास्त झाला की ती व त्यांचा गाभा अतिसूक्ष्म थरथरतात. चुंबकत्वाने लोखंडाची लांबी किंचित बदलते, हे जेम्स जूल यांनी 1842 साली पाहिले होते. त्या शोधाचा नाद आज पडवीत ऐकावा लागेल, असे त्यांना कोठून ठाऊक! काही चिनीमातीचे कपॅसिटरही असेच कंप पावतात. यात धोका नाही आणि बहुधा बिघाडही नसतो. पुतण्याच्या खेळाची सुरुवातीची पाटी पडद्यावर असताना किरकिर सर्वांत अधिक होई, याचे मला आधी नवल वाटले. कारण असे की, त्या साध्या पाटीस कष्ट थोडे, म्हणून यंत्र सेकंदाला शेकडो चित्रे उगाच काढीत बसते. सेटिंगमध्ये जाऊन सेकंदाला साठ चित्रांची मर्यादा घातली, तशी किरकिर निम्म्याहून कमी झाली. पंखाही मंदावला.

इतर दोन-तीन गोष्टी थोडक्यात. स्पीकरजवळ ठेवलेला जुना टू-जी मोबाइल फोन येण्यापूर्वी टर्र-टर्र करतो. तो दूर ठेवणे हाच उपाय. दिव्याचा उजेड कमी करणारे डिमर रेडिओत व स्पीकरमध्ये खरखर घालतात. आणि वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह जातीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर लॅपटॉपचा चार्जर कण्हू लागला, तर तो काढून तेवढा वेळ बॅटरीवर काम चालवावे.

पुतण्या जूनमध्ये बेळगावास परतला. जाण्यापूर्वी दोन पिनांचा तो जोड त्याने स्वतःच्या हाताने चुलीत घालण्याचा प्रस्ताव मांडला होता. प्लॅस्टिकचा धूर नको म्हणून आईने तो हाणून पाडला. थोडीशी किरकिर लॅपटॉपमध्ये अजून आहे, असे त्याची धाकटी बहीण ठामपणे सांगते. पोरांच्या कानांना वरच्या पट्टीतले स्वर ऐकू येतात, ते वय झालेल्यांना येत नाहीत. मला काही ऐकू आली नाही. आईस तर मुळीच नाही. तिने लॅपटॉपवर तळहात पुन्हा एकदा ठेवून पाहिला, आणि मुंग्या गेल्या, एवढे सांगून ती भाकऱ्या करावयास आत गेली.