वैनगंगेचा डोंगा आणि दिल्लीचे कायदे

गोंदियाचा व्यापारी रेल्वेवर वाढला. हावडा-मुंबई मार्गावरचे हे मोठे जंक्शन नसते, तर येथे एवढ्या राईस मिल उभ्या राहिल्या नसत्या आणि विडीचा धंदाही असा पसरला नसता. त्यामुळे "नदीतून माल पाठवा" असे कोणी म्हटले, तर आपला गिरणीवाला हसण्यावारी नेईल. तरीही गेल्या काही वर्षांत संसदेने नद्यांवरील वाहतुकीसंबंधी दोन महत्त्वाचे कायदे केले असून त्यांपैकी एकात आपल्या वैनगंगेचे नाव आहे. तेव्हा हे प्रकरण काय आहे आणि त्यातून आपल्या पदरात काय पडणार, हे तपासून घेतलेले बरे.

प्रथम नकाशा पाहू. 'राष्ट्रीय जलमार्ग कायदा' १२ एप्रिल २०१६ पासून लागू झाला. त्यापूर्वी देशात पाचच राष्ट्रीय जलमार्ग होते. पहिला, गंगेवरचा अलाहाबाद ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा मार्ग, १९८६ साली जाहीर झाला आणि त्याच वर्षी भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणही स्थापन झाले. २०१६ च्या कायद्याने एकाच फटक्यात १०६ जलमार्गांची भर घातली व संख्या १११ वर नेली. या यादीत १०९ व्या क्रमांकावर वैनगंगा-प्राणहिता आहे. चांदापूरजवळच्या पुलापासून कालेश्वरला गोदावरीच्या संगमापर्यंत, लांबी १६६ किलोमीटर. वर्धा-पैनगंगेला ७८ वा क्रमांक मिळाला आहे.

म्हणजे ही रेघ चंद्रपूर-गडचिरोलीच्या हद्दीत सुरू होते. तिरोडा तालुक्याला लागून वाहणारी, बाघ नदीला पोटात घेणारी वरची वैनगंगा या यादीत नाही. कागदावर मात्र हे चित्र मोहात पाडणारे आहे. भद्राचलमपासून नाशिकपर्यंतची गोदावरीही याच कायद्याने चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गात घेतली आणि भद्राचलमच्या खाली राजमहेंद्रीपर्यंतचा पट्टा २००८ पासूनच त्यात होता. तेथून कालव्याने काकीनाडा. काकीनाडा हे तांदळाच्या निर्यातीचे मोठे बंदर! आपल्या भागातून निघालेले पाणी अखेर त्याच बाजूला समुद्राला मिळते. मग पाण्याबरोबर तांदूळ का जाऊ नये, असा प्रश्न कोणालाही पडेल.

हा प्रश्न नवा नाही. १८६० च्या दशकात इंग्रज सरकारने हाच बेत आखला होता. सर आर्थर कॉटन यांचा जलवाहतुकीवर मोठा विश्वास. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांनीही तो उचलून धरला. नागपूर-वऱ्हाडचा कापूस वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी अशा वाटेने पूर्व किनाऱ्याला न्यायचा होता. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी येथे. त्यांना वळसा घालण्यासाठी बंधारे व कालवे खोदण्याचे काम कर्नल हेग यांच्या देखरेखीखाली चालले. अमाप पैसा ओतला गेला. इतक्यात १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला येऊन धडकली आणि कापसाने पश्चिमेची वाट धरली. काही वर्षांतच, १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला, ते काम बंद पडले.

तेव्हा नदी मोकळी होती. आज तीही नाही. पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण उभे आहे. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. त्याला ३३ दरवाजे आहेत, पण नौका वरून खाली उतरवण्यासाठी लॉकची सोय नाही. गंगेवर फराक्का येथे अशी सोय आहे, म्हणून तेथे जलमार्गाला अर्थ आहे. खाली चामोर्शीकडे चिचडोहचा बंधारा, आणि कालेश्वरच्या खाली तेलंगणाने बांधलेला मेडिगड्डा, ज्याचे खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले. वरच्या बाजूला तिरोड्याजवळ धापेवाड्याचा बांध आहे. त्या परिसरातले पाणी शेतीला, ३,३०० मेगावॉटच्या तिरोडा वीज प्रकल्पाला आणि डांगोर्लीवरून गोंदिया शहराच्या नळांना जाते. उन्हाळ्यात वाळूचे पट्टे उघडे पडणाऱ्या या नदीला नौकेसाठी आणखी पाणी मागणे म्हणजे शेतकऱ्याशी भांडण घेणे आहे.

हिशेबही मांडून पाहू. जलमार्गाच्या सर्वांत खालच्या वर्गासाठी बाराही महिने सुमारे सव्वा मीटर खोली व तीस मीटर रुंदी लागते. एवढ्यात शंभर टनांची नौका चालते. तांदळाची एक मालगाडी अडीच हजार टनांच्या आसपास माल उचलते, म्हणजे तिच्या बरोबरीला अशा पंचवीस नौका हव्यात. शिवाय गिरणीतून घाटापर्यंत ट्रक, घाटावर हमाली, पुढच्या घाटावर पुन्हा हमाली. एका लिटर इंधनात रस्त्याने एक टन माल २४ किलोमीटर जातो आणि पाण्याने १०५ किलोमीटर, असे सरकारी पत्रकांत नेहमी छापून येते. आकडा खोटा नाही, पण त्यात दुहेरी हमाली धरलेली नाही.

देशात जलवाहतूक वाढली आहे, हे नाकारता येणार नाही. २०१३-१४ साली राष्ट्रीय जलमार्गांवर १.८ कोटी टन माल गेला, तो २०२४-२५ मध्ये १४.५ कोटी टनांवर पोहोचला. पण आपल्या राज्यात हा माल अंबा नदी, रेवदंडा, जयगड अशा खाड्यांतून जातो. तेथे भरतीचे पाणी फुकट मिळते आणि कारखाने काठावरच आहेत. १०९ क्रमांकाच्या भरवशावर कोणी घाटाशेजारी गोदामासाठी जागा घेण्याचा सल्ला देत असेल, तर त्याने आधी नौका दाखवावी.

आपल्या कामाचा कायदा दुसराच

दुसरा कायदा 'अंतर्देशीय नौका कायदा, २०२१'. १९१७ चा जुना कायदा रद्द करून तो ७ जून २०२२ पासून अमलात आला. त्याची चर्चा फारशी झाली नाही. माझ्या मते गोंदिया जिल्ह्याला खरा उपयोग आहे तो याचाच, कारण हा कायदा जलमार्ग घोषित झालेला असो वा नसो, आतल्या पाण्यावर चालणाऱ्या नौकांसाठी आहे.

वरच्या वैनगंगेत अलीकडचा काठ महाराष्ट्राचा आणि पलीकडचा मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचा. सोयरिकी, बाजार, शेतमजुरी सारे दोन्ही काठांवर. जुन्या कायद्यात एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात चालवायचा तर तेथील मान्यता लागे. आता यांत्रिक नौकेची नोंदणी व तपासणीचा दाखला देशभर चालतो. विमा आणि प्रशिक्षित कर्मचारी मात्र सक्तीचे झाले. डोंग्याला इंजिन बसवून भाडे घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

वल्ह्याने चालणाऱ्या साध्या नावेचाही कायद्याने प्रथमच विचार केला आहे. जिल्हा, तालुका किंवा ग्रामपंचायत पातळीवर तिची नोंद घेता येते आणि राज्य सरकार हे काम स्थानिक संस्थांकडे सोपवू शकते. राज्यघटनेनेही नदी उतरण्याचे घाट राज्यांच्याच सूचीत ठेवले आहेत, त्यामुळे येथे दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईला सुटता येणार नाही.

हे का लागते, त्याची उदाहरणे ताजी आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरच्या मजूर बाया मिरची तोडण्यासाठी वैनगंगा ओलांडत होत्या. डोंगा उलटून सहा जणींचा जीव गेला. ज्या नदीला आठ वर्षांपूर्वी राष्ट्रीय जलमार्गाचा दर्जा मिळाला होता, त्याच नदीवर! त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या जलाशयात आणखी सहा बळी गेले.

आपल्या जिल्ह्यात वैनगंगा व बाघेच्या घाटांवर, नवेगावबांध आणि इटियाडोहच्या पाण्यावर, शिवाय गावोगावच्या मालगुजारी तलावांत ढिवर बांधवांचे डोंगे आहेत. मासेमारी आणि उतारू हाच त्यांचा धंदा. नोंदणी म्हणजे नवा कर किंवा नवा साहेब, अशी त्यांना भीती वाटणे साहजिक आहे. ग्रामपंचायतीने नावेची नोंद विनाशुल्क घ्यावी, माणसांची मर्यादा नावेवरच रंगवून घ्यावी आणि जीवरक्षक जाकिटे मच्छीमार सोसायटीमार्फत द्यावीत. एका डोंग्याला दहा जाकिटे लागली, तरी हा खर्च एखाद्या पुलाच्या निविदा-जाहिरातीत निघून जाईल.

व्यापाऱ्यांचाही येथे संबंध येतो. धानाच्या हंगामात पलीकडून मजूर बोलावणारा शेतकरी-गिरणीवाला उतराईचे पैसे देतो, पण ती नाव कोणाची, किती जणांची आणि तिची नोंद आहे की नाही, हे विचारत नाही. पुढच्या खेपेला एवढे विचारून घ्यावे. आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीला जाणाऱ्या आपल्या सदस्यांनी एकच प्रश्न लेखी द्यावा: २०२१ च्या कायद्याखाली गोंदिया जिल्ह्यात आजवर किती नावांची नोंद झाली?