पारखून घेतलेली संकेतस्थळे : महाविद्यालयीन ग्रंथालयाचा ऑनलाइन संग्रह

महाविद्यालयीन ग्रंथालयाचा ऑनलाइन संग्रह म्हणजे ग्रंथपालाने पारखून घेतलेल्या, अभ्यासक्रमाला उपयोगी पडणाऱ्या संकेतस्थळांची विषयवार सूची. पुस्तक खरेदी करताना लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि किंमत पाहिली जाते. संकेतस्थळ बहुधा विनामूल्य असते, पण त्याची पारख अधिक कसून करावी लागते; कारण छापील पुस्तकामागे निदान प्रकाशक उभा असतो, संकेतस्थळामागे कोण आहे हे अनेकदा शोधावे लागते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. शोधयंत्रावरील असंख्य निकालांतून मोजके विश्वासार्ह दुवे वेगळे काढणे हे त्याच सूत्राचे आजचे रूप होय.

भंडारा जिल्ह्यात या कामाला विशेष महत्त्व आहे. येथील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. नागपूरची मोठी ग्रंथालये भंडारा शहरापासून सुमारे साठ किलोमीटरवर, तर लाखांदूर, साकोली, तुमसरकडील विद्यार्थ्यांना त्याहूनही दूर. अशा विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइल हेच पुष्कळदा त्याचे दुसरे ग्रंथालय असते. तेथे काय वाचावे याचे मार्गदर्शन महाविद्यालयाने केले नाही, तर ते दुसरे कोणी करत नाही.

संग्रहाचा पाया राष्ट्रीय आणि राज्यस्तरीय संस्थांच्या संकेतस्थळांनी घालावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पुढाकाराने १९९१ मध्ये सुरू झालेले इन्फ्लिबनेट केंद्र भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’वर खुले करते. आयआयटी खरगपूरने विकसित केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये देशाला अर्पण झाले. विज्ञान आणि अभियांत्रिकीची व्याख्याने एनपीटीईएलवर, इतर अनेक विषयांचे अभ्यासक्रम २०१७ पासून ‘स्वयम्’वर आहेत. मराठीतून संदर्भ हवा असेल, तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली आकाराला आलेला मराठी विश्वकोश महाजालावर उपलब्ध आहे.

या पायावर नवे संकेतस्थळ चढवताना पाच प्रश्न विचारावेत. मजकूर कोणी लिहिला आणि त्या विषयात त्याचा अधिकार काय? माहितीला आधार दिला आहे का? ती शेवटची केव्हा तपासली गेली? संकेतस्थळाचा हेतू शिकवण्याचा आहे, विकण्याचा की प्रचाराचा? आणि ते आपल्या विद्यार्थ्याच्या पातळीला व अभ्यासक्रमाला जुळते का? पत्त्याचा शेवटचा भाग काही अंशी मदत करतो. ‘डॉट गव्ह डॉट इन’ हा पत्ता सरकारी संस्थांना आणि ‘डॉट एसी डॉट इन’ हा शैक्षणिक संस्थांना मिळतो. ‘डॉट ओआरजी’ मात्र कोणालाही घेता येतो, म्हणून त्यावर विसंबू नये.

केवळ त्याच पानाकडे पाहून निर्णय घेणे धोक्याचे असते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा इतिहासतज्ज्ञ, दहा तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली होती. देखणे बोधचिन्ह आणि अधिकृत वाटणारे नाव यांनी विद्यार्थीच नव्हे, तर इतिहासतज्ज्ञही अनेकदा फसले. तथ्यतपासनीस लगेच त्या पानाबाहेर पडले, इतरत्र त्या संस्थेविषयी काय लिहिले आहे ते पाहिले आणि कमी वेळात योग्य निष्कर्षाला पोचले. ग्रंथपालानेही हीच रीत अंगी बाणवावी.

निकष कसे लागू पडतात हे स्थानिक विषयांतून स्पष्ट होते. धान हे जिल्ह्याचे मुख्य पीक. त्यावर यूट्यूबवरील सल्ले विपुल आहेत. संग्रहात मात्र अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, कटकची भात संशोधन संस्था आणि कृषी प्रबंधांचे ‘कृषिकोश’ भांडार यांना आधी स्थान मिळावे. पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. त्याच्या माहितीसाठी पर्यटनाच्या पानांपेक्षा सर्वेक्षणाच्या वार्षिक वृत्तांताचा दुवा मोलाचा.

जुनी साधने शोधताना प्रशासकीय इतिहास माहीत असावा लागतो. भंडारा १९५६ पर्यंत मध्य प्रांत व पुढे मध्य प्रदेशात होता. त्यामुळे आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले १९०८ चे गॅझेटिअर मुंबई इलाख्याच्या मालिकेत सापडत नाही, मध्य प्रांताच्या मालिकेत सापडते. माजी मालगुजारी तलावांचे, म्हणजे मामा तलावांचे, जुने उल्लेखही याच कागदपत्रांत शोधावे लागतात. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्यापूर्वीच्या ‘भंडारा’ या आकड्यांत गोंदियाही मोडतो. २०११ च्या जनगणनेतील १२,००,३३४ ही लोकसंख्या १९९१ च्या आकड्याशी थेट ताडून पाहिली, तर निष्कर्ष चुकतो. अशी सूचना दुव्याखाली एका ओळीत दिली की विद्यार्थ्याचा प्रकल्प चुकण्यापासून वाचतो.

कायदा आणि सोय या दोन्ही बाजू तपासाव्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. अलीकडच्या लेखकांची पुस्तके परवानगीविना पीडीएफ करून वाटणाऱ्या स्थळांना ग्रंथालयाने जागा देऊ नये. युनिकोडपूर्व फॉन्टमधील मराठी मजकूर शोधयंत्राला नीट वाचता येत नाही, हे नोंदवावे. पान मोबाइलवर आणि मंद जोडणीवर उघडते का, नावनोंदणी लागते का, हेही आधी स्वतः पाहावे.

निवडलेल्या स्थळाची रीतसर नोंद व्हावी. ग्रंथालयीन नोंदींच्या मार्क-२१ पद्धतीत दुव्यासाठी ८५६ क्रमांकाचे क्षेत्र आहे. ते भरले की पुस्तक आणि संकेतस्थळ एकाच तालिकेत दिसतात. नोंदीत विषय, भाषा, दोन ओळींचे वर्णन, कोणत्या वर्गाला उपयोगी ते आणि तपासणीची तारीख असावी. शंभर तपासलेल्या नोंदी हजार न तपासलेल्या दुव्यांपेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

दुवे मरतात. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ च्या अहवालानुसार २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला दुवे तपासावेत, महत्त्वाच्या पानांची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये जतन करावी आणि बंद पडलेली किंवा मालकी बदललेली स्थळे वगळावीत. निवडीचे लेखी धोरण ग्रंथालय समितीने मंजूर करावे, विषयशिक्षकांनी वर्षातून एकदा आपापला विभाग पाहावा आणि विद्यार्थ्यांच्या सूचनांनाही त्यात वाव असावा. जगाच्या विषयांवर इतरांनी केलेल्या सूची मिळतात. धान, मामा तलाव, पवनी आणि वैनगंगेच्या खोऱ्याविषयीची भरवशाची सूची मात्र भंडाऱ्यातील ग्रंथालयांनीच तयार करायची आहे.