फ्रेममधला गुमास्ता

सकाळी साडेसात. पाणी भरून होतं न होतं तोच एजन्सीकडून दिवसाची यादी येते. बँकांसाठी पत्ते तपासणं हे माझं काम, आमच्या भाषेत 'एफआय'. कर्ज मागणारा सांगतो तिथे राहतो का, गाळा चालू आहे का, ते जाऊन बघायचं, फोटो काढायचा, शेजारी विचारायचं आणि शेवटी एकच शब्द भरायचा: पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. आज अकरा केसेस. बारावी दारातच उभी होती. वरच्या मजल्यावरच्या काकू, हातात गुळगुळीत माहितीपत्रक. काकांनी गेल्या शनिवारी डॉलरच्या ट्रेडिंगसाठी चाळीस हजार भरले आणि आता आणखी भरायचं म्हणतायत. "तू रोज पत्तेच शोधतोस ना रे? हे ऑफिस खरं आहे का, तेवढं बघून ये."

साडेनऊ. नालासोपारा, आचोळे रोड. तीन घरं, एकाला कुलूप. पुढे.

साडेअकरा. सातिवलीतला गाळा. इथे खोटं बोलणं अवघड असतं. प्रेस मशीनचा आवाज रस्त्यापर्यंत येतो, मालकाच्या नखांत ग्रीस असतं आणि वीजबिल मागितलं की तो आधी महावितरणला दोन शिव्या घालतो. पॉझिटिव्ह.

पाऊण. वसई पूर्व. काकूंच्या कागदावरचा पत्ता. खाली झेरॉक्सचं दुकान, वर पहिल्या मजल्यावर काचेचं दार. सवयीने आधी मीटर बघितला, त्यावर नाव एका दातांच्या दवाखान्याचं. भाड्याच्या जागेत ते चालतं, पण मी टिपून ठेवलं. कंपनी कायद्याच्या 12व्या कलमाप्रमाणे कंपनीचं नाव आणि पत्ता बाहेर लावावा लागतो, स्थानिक भाषेतही. इथे इंग्रजीतला लॅमिनेट केलेला कागद होता, दुहेरी टेपने चिकटवलेला. त्याच्या कडेने आधीच्या दोन पाट्यांच्या गोंदाचे चौकोन दिसत होते.

आत मात्र एसी, भिंतीवर टीव्ही, त्यात हिरव्या-लाल रेघा नाचतायत. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. टेबलामागच्या मुलीने "सर अंधेरीला मीटिंगमध्ये आहेत" म्हणून सांगितलं. मी लायसन्स विचारलं. तिने भिंतीकडे बोट केलं. सोनेरी फ्रेम. जवळ जाऊन वाचलं तर गुमास्ता, म्हणजे दुकान नोंदणीचा कागद! तोही धड नाही. महाराष्ट्राच्या 2017च्या कायद्याने कामाला थोडीच माणसं असली की नुसतं ऑनलाइन कळवायचं असतं आणि त्याची पावती मिळते. ती पावती फ्रेम केली होती. किराणा दुकानदारही ती काढतो. फोटो काढू का म्हटलं, तर ती खुशाल म्हणाली, "काढा ना."

खाली झेरॉक्सवाल्याला विचारलं. शेजारच्याची साक्ष घेतल्याशिवाय आमची केस पुरी होत नाही. म्हणाला, दोन महिन्यांपूर्वी आलेत, पोरं चांगली आहेत, चहाचे पैसे रोख देतात.

माझ्या फॉर्मच्या हिशेबाने ही केस पॉझिटिव्ह. जागा आहे, माणूस आहे, पाटी आहे. पण गुंतवणूकदारांना बुडवणाऱ्या टोरेस ज्वेलरीची दादरची, मिरा रोडची दुकानं काय कमी झगमगीत होती? जानेवारी 2025मध्ये लोक त्यांच्याच शटरसमोर पैशांसाठी उभे होते.

दीड. स्टेशनजवळ वडापाव आणि मोबाइल. कंपनीचा 21 अक्षरांचा नंबर सरकारी पोर्टलवर टाकला. कंपनी नोंदलेली निघाली, धंदा संगणक सल्लागाराचा. सेबीकडे ब्रोकरचा नंबर 'आयएनझेड'ने सुरू होतो, तो कागदावर नव्हता आणि सेबीच्या यादीत नावही नव्हतं. मग रिझर्व्ह बँकेची सावधगिरीची यादी. सप्टेंबर 2022मध्ये ती 34 नावांनी सुरू झाली आणि पुढे वाढत गेली. तीत हे नाव नाही. काका याच मुद्द्यावर उड्या मारणार हे मला दिसत होतं. पण यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं समजू नका, हे रिझर्व्ह बँकच सांगते. तिने मान्यता दिलेल्या प्लॅटफॉर्मांची यादी निराळी, तीतही हे नव्हतं.

माहितीपत्रकात ऑस्ट्रेलियन डॉलर आणि येनची जोडी होती, वर पाचशेपट उधारीवर सौदे. आपल्या शेअर बाजारांत रुपयासोबत डॉलर, युरो, पौंड, येन एवढेच चालतात, शिवाय त्यांच्या आपसातल्या तीन जोड्या. मुख्य कार्यालय किंग्सटाउन, सेंट व्हिन्सेंट. तिथलं वित्तीय प्राधिकरण फॉरेक्स ब्रोकरला परवाना देतच नाही. म्हणजे मी वसईत जिना चढलो तो फुकट. आधी परवाना बघायचा आणि मग पायऱ्या, हे वडापाव संपताना सुचलं.

चार. विरार पश्चिम, ग्लोबल सिटी. टॉवरच्या गेटवर नाव लिहा, नंबर लिहा, ओटीपी सांगा. पाच घरांना अडीच तास.

साडेआठ. काकूंकडे. काका टीव्हीचा आवाज कमी न करता म्हणाले, "ऑफिस आहे की नाही, एवढं सांग."

"आहे."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" हे काकूंना.

मी फ्रेमचा फोटो मोठा करून हातात दिला. चष्मा लावून त्यांनी वाचला. मग विचारलं, पैसे नेमके कोणाच्या नावावर गेले? त्यांनी ॲप उघडलं. नाव कुठल्याशा मोबाइल शॉपीचं होतं. टीव्ही काकूंनी बंद केला.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 लावला. पैसे पुढे फिरवले गेले नसतील तर त्या खात्यात अडवता येतात, म्हणून घाई. पलीकडच्या माणसाने व्यवहाराचा बारा आकडी नंबर मागितला. काका आकडे मोठ्याने वाचत होते, सातव्यावर चुकले, पुन्हा पहिल्यापासून. काकू ते त्याच गुळगुळीत माहितीपत्रकामागे उतरवून घेत होत्या, आणि पेन त्यावर चालत नव्हतं.