इंडक्शन शेगडी बंद पडली? दुकानात नेण्याआधी हे तपासा

गॅस सिलिंडर संपला की दुसरा येईपर्यंत भागवायचं म्हणून आता गावातही बऱ्याच घरांत इंडक्शन शेगडी असते. ती अचानक बंद पडली की लोक थेट दुकान गाठतात. पण अनेकदा बिघाड शेगडीत नसतोच, तो भांड्यात, बोर्डात नाहीतर व्होल्टेजमध्ये असतो. आणि बिघाड खरंच शेगडीत असेल, तर घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसणं जिवावर बेतू शकतं. म्हणून घरी काय करायचं आणि मेकॅनिकवर काय सोडायचं, हे माहीत हवं.

शेगडी चालते कशी?

या शेगडीत काच तापत नाही, थेट भांडं तापतं. काचेखाली तांब्याच्या तारेची चपटी कॉइल असते. घरातली ५० हर्ट्झची वीज आधी डीसी होते. मग आयजीबीटी नावाचा भाग ती सेकंदाला २० हजारांहून जास्त वेळा चालू-बंद करतो. त्यामुळे कॉइलभोवती सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वर लोखंडी बुडाचं भांडं असेल तर त्या बुडातच वीज फिरते आणि बूड तापतं. काच गरम लागते ती भांड्याच्या उष्णतेनं.

घरी काय तपासायचं?

भांडं : बुडाला लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर भांडं चालेल. लोखंडी आणि बिडाचा तवा चालतो. साधं ॲल्युमिनियमचं पातेलं, तांब्या-पितळेची भांडी चालत नाहीत. बूड सपाट हवं. भांडं चालणारं नसेल तर शेगडी पीं-पीं करून थांबते. तो बिघाड नाही.

सॉकेट : २००० वॅटची शेगडी जवळपास ९ अँपिअर करंट घेते. मोबाईल चार्जरच्या साध्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर ती लावली की प्लग वितळतो. १६ अँपिअरचं मोठं सॉकेट, जाड वायर आणि अर्थिंग हवंच. प्लगची पिन काळी पडली असेल तर आधी सॉकेट बदला.

व्होल्टेज : शेतीपंप सुरू असताना किंवा संध्याकाळी व्होल्टेज पडलं की शेगडी कोड दाखवून थांबते. कोडचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असतो, सोबतची पुस्तिका बघा. टीव्हीचा छोटा स्टॅबिलायझर किंवा घरचा छोटा इन्व्हर्टर हा लोड ओढू शकत नाही.

पंखा : दहा-पंधरा मिनिटांत शेगडी आपोआप बंद होते? खालच्या जाळीत धूळ, तेलकट मळ किंवा झुरळं अडकली असतील. प्लग काढून, थंड झाल्यावर जाळी बाहेरून ब्रशनं साफ करा.

मेकॅनिकचं काम

शेगडी एकदम बंद, लाइटही लागत नाही, म्हणजे बहुधा आतला फ्यूज उडालाय. पण फ्यूज उगाच उडत नाही. बहुतेक वेळा आयजीबीटी किंवा ब्रिज रेक्टिफायर शॉर्ट झालेला असतो. हे न तपासता नुसता नवा फ्यूज टाकला तर तोही लगेच उडतो. जाणकार मेकॅनिक आधी मल्टिमीटरनं हे भाग तपासतो, बदलतो, मग १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून शेगडी चालू करून बघतो. बल्ब पूर्ण उजेडात पेटून राहिला, तर शॉर्ट अजून बाकी आहे.

डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास वीज येऊ शकते. अशा वेळी जादा व्होल्टेज अडवणारी एमओव्ही नावाची चकती जळते आणि फ्यूज जातो. नशीब चांगलं असेल तर तेवढंच बदलून स्वस्तात काम होतं. कॉइलच्या मधोमध असलेला तापमान मोजणारा थर्मिस्टर खराब झाला तरी शेगडी मध्येच थांबते, तोही स्वस्त भाग आहे. दुरुस्तीनंतर बदललेले जुने भाग मागून घ्या.

इथे जिवाला धोका

आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी साठतं. प्लग काढल्यावरही काही वेळ ते राहू शकतं. म्हणून शेगडी स्वतः खोलू नका. काचेला तडा गेला असेल तर एम-सील किंवा टेप लावून वापरू नका. तड्यातून पाणी आत गेलं तर शॉक बसू शकतो. काच बदलेपर्यंत शेगडी बंदच ठेवा.

शेगडी टिकवायची तर

स्वयंपाक झाला की लगेच प्लग ओढू नका. आधी शेगडीचं बटण बंद करा, पंखा आपोआप थांबू द्या, मग बोर्डाचं बटण बंद करा. पंखा मध्येच थांबला तर आतली उष्णता आतच कोंडते आणि आयजीबीटीचं आयुष्य घटतं. शेगडी भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. खाली वर्तमानपत्र किंवा कापड अंथरू नका, कारण बहुतेक शेगड्या हवा खालूनच ओढतात.